पाण्याची बारी

"आज पाणी येणार" ही बातमी आमच्या गल्लीत पाण्याच्या तासभर आधी पोचायची. व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस सायकलवरून जाताना कुणीतरी पाहिलेला असायचा. मग हंडे, कळश्या, पिंपं, शेवटी पातेली नि तांबेसुद्धा दाराशी मांडले जायचे. नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातलं गाव. सुरत-भुसावळ रेल्वे गावाला लागून, मुंबई-आग्रा रस्ताही लागून. उत्तरेला तापी, फार लांब नाही. पण माझ्या लहानपणी आमच्या घरात पाणी यायचं ते आठ-दहा दिवसांनी. पाऊस वर्षाला साधारण पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर, तोही मनात आलं तर. आईच्या आयुष्यातली किती वर्षं त्या नळाची वाट बघण्यात गेली, याचा हिशेब मी कधी केला नाही. करवत नाही.

लग्नानंतर मी नेदरलँड्सला आले. नवऱ्याची नोकरी डेल्फ्टला, घर गावाबाहेरच्या वस्तीत. पहिल्या आठवड्यात एक गोष्ट मला काही केल्या उमगेना. घरामागे गवताचा उंच बांध होता. त्यावर चढले तर पलीकडे कालवा, आणि त्यातलं पाणी आमच्या अंगणापेक्षा उंचावर. कालव्यातून चाललेली होडी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या वरून जात होती. नरडाण्यात पाणी बघायचं म्हणजे विहिरीत वाकायचं. इथे पाणी बघायला मान वर करायची.

त्या देशाची सुमारे पाव जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे. बांध घालून, आतलं पाणी उपसून कोरड्या केलेल्या अशा जमिनीला पोल्डर म्हणतात. शेतातलं पाणी चरांत उतरतं, पंप ते वरच्या कालव्यात चढवतात, तिथून ते नदीला नि समुद्राला जातं. हे काम रात्रंदिवस चालतं. पंप थांबले तर, असं मी शेजाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, थांबत नाहीत. इतक्या साधेपणानं म्हणाले की मला रडू आलं. न थांबणाऱ्या गोष्टींवर भरवसा ठेवायची मला सवय नव्हती.

मे 2018 मध्ये आई माझ्या बाळंतपणाला आली. नव्वद दिवसांचा व्हिसा, आणि दोन बॅगांत डिंक, अळीव, खारीक, गोडंबी, बिबडे, कळण्याचं पीठ. ती उतरली तो शिफोल विमानतळ एका तळ्याच्या जागेवर आहे. हार्लेमर्मेर नावाचं ते अफाट तळं वाफेच्या पंपांनी उपसून 1852 साली कोरडं केलं. गाडीत मी तिला हे सांगत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शेताशेतात, चर भरून पाणी. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "माय वं माय! इतलं पानी, नि कोनी भरी नही राह्यनं!"

मुलगी झाली. तिसऱ्या दिवसापासून आईला एकेक धक्का बसू लागला. बाळंतिणीच्या खोलीची खिडकी सताड उघडी, शेगडी नाही, धुरी नाही, आणि मी जिन्यावरून खाली-वर करतेय! पण तिथल्या पद्धतीप्रमाणे पहिला आठवडाभर एक प्रशिक्षित बाई रोज घरी यायची. त्या सेवेला क्रामझोर्ख म्हणतात. बाळाचं वजन, माझे टाके, दूध येतं की नाही, सगळं ती बघायची आणि वर न्हाणीघरही पुसायची. आईला आधी तो आपल्या हक्कावर घाला वाटला. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. चौथ्या दिवशी त्या बाईनं पाळण्यात गरम पाण्याची धातूची बाटली लोकरीच्या पिशवीत घालून ठेवली. आईनं हात लावून पाहिलं आणि मान डोलावली. शेकाचं महत्त्व या बाईला कळतं, एवढं तिला पुरलं.

मग पाहुण्यांसाठी एक खास खाऊ आला. तिथे बाळ झालं की गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळलेले अनिसाचे, म्हणजे बडीशेपेच्या जातीचे, दाणे पसरतात. मुलगी झाली तर गुलाबी नि पांढरे. दाण्याचा देठ शेपटीसारखा बाहेर राहतो, म्हणून त्यांना 'उंदरं' म्हणतात. बाळंतिणीला दूध चांगलं यावं म्हणून हे दाणे, अशी तिकडची जुनी समजूत. आईनं एक दाणा फोडला, हुंगला आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन आपल्या बॅगेतली पुरचुंडी घेऊन आली. बाळंतशोपा. दाणा वेगळा, कुळी तीच, आणि काम तर अगदी तेच. त्या दोन बाया ओट्यापाशी उभ्या राहून एकमेकींच्या तळहातावरचे दाणे चघळत होत्या, हे मला आजही जसंच्या तसं दिसतं.

माणसांशी मात्र आईचं काही केल्या जमलं नाही. नरडाण्यात पाचवीला सगळी गल्ली घरात असते. पाटा-वरवंट्याची पूजा, कुणी बाळाला बघतं, कुणी आईला काय खाऊ घालता ते विचारून नावं ठेवतं. इकडे शेजाऱ्यांनी पोस्टानं शुभेच्छापत्र पाठवलं, मग फोन केला, दोन आठवड्यांनंतरची वेळ ठरवली आणि बरोबर तासभर बसून उठले. प्रेमानं आले होते, भेट म्हणून स्वतः विणलेलं टोपरं घेऊन. तरी आई संध्याकाळी उंबऱ्यापाशी खुर्ची टाकून बसायची आणि रस्त्यावरून कुणीच थांबत नाही म्हणून खंतावायची. तिथे खिडक्यांचे पडदे बहुधा ओढलेले नसतात, आतलं घर येणाऱ्या-जाणाऱ्याला लख्ख दिसतं, पण दार उघडं नसतं. आमच्याकडे दाराला कडी नसते. यातलं बरं कुठलं, ते माझं अजून ठरत नाही. आजारी पडले की मला हा देश हवासा वाटतो आणि सणावाराला नकोसा. त्या वर्षी आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्यतृतीया, आईच्या तिकिटाच्या धावपळीतच निघून गेली. माहेरवाशिणींचे झोके, गौराईची गाणी काहीच नाही.

त्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. 2018 साली नेदरलँड्समध्ये मोठा दुष्काळ पडला. जून-जुलै जवळपास कोरडे गेले, गवत पिवळं पडलं, जुलैच्या शेवटी पारा पस्तिशीच्या वर गेला. लोक घाबरले. बेचाळीस-त्रेचाळीस अंश अंगावर काढलेल्या आईला त्या उन्हाचं काही वाटलं नाही. पण एक दिवस ती धावत घरात आली, म्हणाली, चल, बघ, ही माणसं बांधाला पाणी घालतायत! मी तान्हीला उचलून गेले. खरंच, दोन माणसं पाइपानं बांध भिजवत होती.

त्यांनी समजावून सांगितलं. तिकडचे काही बांध पीटचे, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या हलक्या मातीचे असतात. ती माती वाळली की वजनाला हलकी होते, तिला भेगा पडतात आणि मागचं पाणी बांधाला ढकलून देतं. 2003 च्या ऑगस्टमध्ये विल्निस गावाजवळ असाच एक बांध कोरड्या हवेत रात्रीतून सरकला आणि घरांत पाणी शिरलं. पूर नव्हता, पाऊस नव्हता, तरी बांध गेला. म्हणून दुष्काळात बांधावरून माणसं फिरवतात, भेगा शोधतात.

हे ऐकता ऐकता आई बांधाच्या उतारावरची चिलाची भाजी खुडत होती. आमच्याकडे गव्हात उगवते तीच भाजी, तिथे कुणी तिच्याकडे बघतही नाही. एक रोप मुळासकट उपटून आलं. तो माणूस लगबगीनं पुढे आला, अगदी अदबीनं म्हणाला, मुळं काढू नका, मुळांनीच माती धरून ठेवलीय. मी भाषांतर करायच्या आत आईनं रोप परत खोचलं, पायानं माती दाबली आणि मला म्हणाली, "मना बाप फडना पंच व्हता. माले नको सांगू."

त्या रात्री बाळाला मांडीवर घेऊन तिनं मला फड सांगितला. माझं आजोळ पांझरेकाठी, धुळ्याच्या वरच्या अंगाला. लहानपणी सुट्टीत मी तिथल्या पाटात खेळले होते, पण तो पाट म्हणजे काय, हे मला माझ्याच देशाबाहेर, तिसाव्या वर्षी कळलं. पांझरा, मोसम, आरम अशा नद्यांवर तीन-चारशे वर्षांपूर्वीपासून दगडी बंधारे आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली असते. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. ऊस तर ऊस, गहू तर गहू. बहुतेकांचा तुकडा प्रत्येक फडात असतो, म्हणजे पाणी कमी पडलं आणि एखादा फड पडीक ठेवावा लागला, तर नुकसान एकट्याचं होत नाही. पाटकरी बारी लावतो, जागल्या राखण करतो, वर पंच असतात. पाट साफ करायला प्रत्येक घरातून माणूस जायचा. आई सांगत होती, दुष्काळाच्या वर्षी तिचे वडील रात्री कंदील घेऊन पाटावरून चालायचे आणि कुणी चोरून बारं फोडलं, म्हणजे पाटाचं पाणी आपल्या शेतात वळवलं असेल, तर तो भाऊबंद असला तरी दंड करायचे.

मी ऐकत होते आणि मनात त्याची या पंपवाल्या देशाशी तुलना करत होते. इथेही तेराव्या शतकापासून हेच आहे. पाण्यासाठीची वेगळी मंडळं, वाटरस्खाप. सध्या अशी एकवीस मंडळं आहेत. स्वतःचा कर, स्वतःची निवडणूक. मंडळाच्या प्रमुखाला डाइकग्राफ म्हणतात, म्हणजे बांधाचा सरदार. जुना नियम असा होता की ज्याला आपल्या वाट्याचा बांध राखणं जमत नाही, त्यानं आपलं फावडं बांधात रोवून निघून जायचं आणि जमिनीवरचा हक्क सोडायचा. आपल्या पाण्याची काळजी आपणच, शेजाऱ्याबरोबर बसून घ्यायची. फरक एवढाच की त्यांना पाणी बाहेर काढायचं होतं, आपल्याला आत आणायचं होतं.

"आपल्याकडे पाऊसच कमी, म्हणून हाल" असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. आता ते मला पुरेसं वाटत नाही. फड मोडत गेले त्याला कारणं आहेत. नद्यांवर वरच्या अंगाला धरणं झाली, विहिरींवर मोटरा बसल्या. ज्याची त्याची मोटर झाली, तशी ज्याला त्याला पंचांची गरज उरली नाही. मोटर वाईट नाही, तिनं अनेक घरं उभी केली. पण कंदील घेऊन पाटावरून चालणारा माणूस मोटरीबरोबर आला नाही. आणि फडाला मी देव्हाऱ्यातही बसवत नाही. जमीन नसलेल्याला तिथे बोलायची जागा नव्हती आणि पंचांत बाई असल्याचं मी कधी ऐकलं नाही. नेदरलँड्समध्येही शतकानुशतकं मंडळात आवाज होता तो जमीनदाराचाच. त्यांनी तो पुढे सगळ्यांना दिला.

मार्च 2023 मध्ये माझ्या नावानं पाकीट आलं. वाटरस्खापच्या निवडणुकीचा मतदार पास. मी भारतीय पासपोर्टवरच होते, आजही आहे. मतदानाच्याच दिवशी प्रांताचीही निवडणूक होती, त्यात मला मत नव्हतं. पण पाण्याच्या मंडळाला तिथे कायदेशीर राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला मत आहे. मतपत्रिका टेबलावर मावत नव्हती आणि मतदान लाल पेन्सिलीनं करायचं होतं. मुलगी माझ्या कोटाला धरून उभी होती. घरी येऊन मी आईला फोन केला. ती गप्प झाली. तिनं पाण्यासाठी चाळीस वर्षं नळाची वाट बघितली, पण पाण्याबद्दल तिचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं.

त्याच डिसेंबरात आम्ही नरडाण्याला गेलो. माझी साडेपाच वर्षांची पोर आजीबरोबर हंड्यांच्या ओळीत बसून नळाची वाट बघायला शिकली. तिला तो खेळ वाटला. मामा एक दिवस आम्हाला पांझरेकाठी घेऊन गेला. बंधारा तसाच, काळा दगड, एका कडेला झाडं उगवलेली. पाटात मला वाटलं होतं काही नसेल, पण वीतभर पाणी वाहत होतं. पुढे गव्हाच्या फडात एक म्हातारा फावड्यानं बारं देत होता. आईनं त्याला ओळखलं नाही, पण वडिलांचं नाव सांगितल्यावर त्यानं तिला ओळखलं. दोघं किती तरी वेळ कोण गेलं, कोण राहिलं ते बोलत राहिली.

माझी मुलगी तोवर बूट काढून पाटाच्या मातीच्या काठावर चढली होती. म्हाताऱ्यानं बोलणं अर्धवट सोडलं आणि हातातलं फावडं उचलून दाखवलं.

"पाळवर उभी नको राहू, पोरी. फुटी जाई."

तिला अहिराणी येत नाही. ती लगेच खाली उतरली, वाकली आणि पायाखाली दबलेली माती दोन्ही हातांनी परत वर चढवू लागली. आई तिच्या शेजारी जाऊन बसली आणि तिच्याबरोबर माती लावू लागली.