ओल लागली

१९७२च्या दुष्काळात मी सात वर्षांचा होतो. लातूरजवळच्या औसा तालुक्यातलं आमचं गाव. विहीर आटली की आई आत उतरायची, झऱ्याशी बसून राहायची. पाणी झिरपलं की करवंटीनं घागरीत भरायची. काठावर दोर धरून मी.

मग गावात हापसा आला. पहिल्या दिवशी आईनं हापसून घागर भरली, वाळलेल्या तुळशीत ओतली आणि पुन्हा भरली. यंत्रानं वाटोळं केलं असं कुणी म्हणालं, की मला ती पहिली घागर आठवते.

आजोबांची मोट होती. बैल दमले की विहिरीलाही विसावा मिळायचा. मोटार दमत नाही. (लाईट जायची, ती शिव्या खात का होईना, विहिरीच्या पथ्यावर पडायची.)

ऐंशीच्या दशकात दादानं बोअर घेतलं. तळहातावरचा नारळ जिथं उभा राहिला, तिथं पाणाड्यानं खूण केली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअरची गाडी रात्रभर घरघरत होती. राखाडी भुकटी उडून आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या. एकशेवीस फुटांवर लाल गेरू लागला, मग चिखल. ‘ओल लागली!’ म्हणत दादानं त्यात कोपरापर्यंत हात घातला. दोन इंची पाणी. त्या पाण्यावर ऊस आला, उसावर माझं पुण्यातलं शिक्षण.

शेजाऱ्यानं तीनशे फूट घेतलं, आम्ही पाचशे. काळा पाषाण पाणी पीत नाही. जे काही साठतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. ते सगळ्यांनी मिळून उपसलं. विहीर कोरडी पडली. तिच्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणींचे खोपे असायचे. आता एकही नाही. २००९च्या कायद्यानं शेतीसाठी साठ मीटरखाली जायला बंदी केली. आमचं शेवटचं बोअर त्यानंतरचं, साडेसातशे फुटांचं. पैसे मीच पाठवले होते. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा ते टीव्हीवर बघताना मी हे कुणाला बोललो नाही.

आता दादाचे गुडघे गेलेत. मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवलाय, त्यात माझाही नंबर आहे. परवा जेवताना फोन वाजला: पाणी नाही, मोटार बंद. मी दादाला फोन लावला.

‘थांब रे,’ तो म्हणाला, ‘तासाभरानं चालू कर. झिरपू दे थोडं.’

तासाभरानं चालू केली. अकरा मिनिटं चालली.