सांगाडा की परांची?

जखमेत नव्या पेशींची वाढ व्हावी म्हणून तिथे जो सच्छिद्र स्पंज बसवतात, त्यास मराठीत काय म्हणावे? आमच्या पाहण्यात आलेल्या लेखांत 'स्कॅफोल्ड'साठी 'सांगाडा' हा शब्द सर्रास योजलेला दिसतो. आम्हांस तो प्रथमपासून खटकत आला आहे. सांगाडा ही मागे उरणारी वस्तू. देह गेल्यावरही तो राहतो. हा स्पंज मात्र नाहीसा होण्यासाठीच घडवलेला असतो.

वाद निव्वळ शब्दांचा असता तर आम्ही तो भाषातज्ज्ञांवर सोपवला असता. परंतु परिचयातील एका कुटुंबात मुलीचा हात भाजला, तेव्हा तिच्या आईने असाच एक लेख वाचून आम्हांस विचारले होते, "हा सांगाडा पुढे काढायला पुन्हा ऑपरेशन करावं लागेल का हो?" प्रश्न शब्दातून जन्मला होता आणि भीती खरी होती.

रत्नागिरीकरांना हा विषय परका वाटू नये. मिरकरवाडा बंदरात उतरणाऱ्या कोळंबीचे डोके आणि साल काढली की तिच्या वजनाचा तिसरा हिस्सा, कधी जवळजवळ निम्मा भाग, टाकाऊ ठरतो. त्या सालीत कायटिन हे नैसर्गिक बहुवारिक असते. (शेंगांच्या टरफलांना रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांच्या आख्यायिकेत अढळपद मिळाले, कोळंबीच्या टरफलांचे तेवढे भाग्य नाही. वस्तुतः वाढत्या वयात कोळंबीही वेळोवेळी ही साल टाकते, पण 'कात टाकणे' आपण सापासाठी राखून ठेवले.) १८११ मध्ये फ्रान्समधील ब्राकोनो यांना हे द्रव्य प्रथम सापडले ते अळंब्यांत. १९८१ साली स्थापन झालेल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयासारख्या संस्थांत शिकणाऱ्यांना ते कोळंबीच्या सालीतून काढण्याची कृती अपरिचित नसते. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात चुनखडीचा अंश जातो, सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिने जातात, आणि उरलेले कायटिन तीव्र कॉस्टिक सोड्यात तापवले की त्याचे कायटोसान होते. कायटिन सहसा कशात विरघळत नाही. कायटोसान मात्र व्हिनेगरइतक्या सौम्य आम्लातही विरघळते. त्यामुळेच त्याला हवा तो आकार देता येतो.

यापुढची पायरी आम्हांस सर्वांत मोहक वाटते. हे द्रावण गोठवतात. पाण्याचे स्फटिक होतात आणि कायटोसान त्यांच्यामधल्या फटींत ढकलले जाते. मग निर्वातात त्या बर्फाचे संप्लवन होते; कापूर उडतो तसा बर्फ पाणी न होताच उडून जातो. जिथे स्फटिक होता तिथे छिद्र उरते. सावकाश गोठवले तर स्फटिक मोठे आणि छिद्रेही मोठी. झटपट गोठवले तर बारीक. पेशी या छिद्रांतूनच आत शिरतात.

या कल्पनेचा रुग्णालयातील पहिला मोठा प्रत्यय बॉस्टनमध्ये आला, तो मात्र कोळंबीच्या द्रव्याने नव्हे. शल्यचिकित्सक जॉन बर्क आणि बहुवारिकांचे अभ्यासक आयोनिस यानास यांनी गुरांचे कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतील एक शर्करायुक्त द्रव्य यांचा स्पंज केला व वर सिलिकोनचा पातळ पापुद्रा लावला. ५० ते ९५ टक्के भाजलेल्या दहा रुग्णांवरील उपयोगाचा वृत्तांत त्यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळायला १९९६ उजाडले. स्पंजात रक्तवाहिन्या शिरायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. मग सिलिकोन काढून रुग्णाच्याच कातडीचा अतिशय पातळ थर वर बसवावा लागतो. म्हणजे त्या आईच्या मनातली दुसरी शस्त्रक्रिया असते खरी, पण स्पंज काढण्यासाठी नव्हे. तो एव्हाना शरीराने पचवायला घेतलेला असतो.

सारी मेख या पचण्याच्या वेगात आहे. स्पंज लवकर विरला तर पेशींना आधार उरत नाही आणि जखम आकसून व्रण होतो. फार रेंगाळला तर नव्या ऊतीच्या वाटेत येतो. कायटोसानाच्या बाबतीत हे काम लायसोझाइम करते. तेच, जे आपल्या अश्रूंतही असते. कायटिनचे कायटोसान करताना प्रक्रिया किती पुढे न्यायची यावर हा वेग बराचसा ठरवता येतो. मात्र वृत्तपत्रे 'नवी त्वचा उगवली' म्हणतात तेव्हा हात आखडता घ्यावा. त्या त्वचेत केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी परत येत नाहीत. शिवाय प्रयोगशाळेत उंदरांवर यशस्वी झालेल्या स्पंजांपैकी रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचणारे थोडेच.

तर शब्द कोणता? 'साचा' बाहेरून आकार देतो, म्हणून बाद. परसातल्या पडवळाचा मांडव आम्हांस मनापासून आवडला असता, पण वेल सुकतो आणि मांडव उरतो. क्रम नेमका उलटा. 'परांची' बरीच जवळची, कारण ती इमारतीसाठी असते, इमारतीत नसते. परंतु तीही कामगारांना उतरवावी लागते. इथे गवंडीच आपल्या पायाखालचे बांबू खात खात भिंत बांधतो. तूर्त आम्ही 'विरणारी परांची' असे लिहितो. जुने लुगडे विरते तेच हे विरणे. मुद्रितशोधकांनी जागेअभावी विशेषण गाळू नये, एवढीच विनंती.