तिलिस्म तोडता यायला हवा

स्टाफरूममध्ये कुणी विचारलं, "मॅडम, रविवारी काय करता?" तर मी सांगते, "किल्ले बांधते." ऐकणाऱ्याला वाटतं, दिवाळीतल्या मातीच्या किल्ल्यांचं काहीतरी असेल. खरं उत्तर जरा लांब आहे, म्हणून आज इथे सविस्तर लिहिते.

दर दुसऱ्या रविवारी असरनंतर माझ्या घरी सहा मुलं जमतात. दोन माझ्या बहिणीची, बाकीची गल्लीतली आणि शाळेतली. दस्तरख्वान अंथरायच्या जागी कागद, पेन्सिली, खोडरबर आणि हाताने काढलेला एक नकाशा पसरतो. प्रत्येक मूल एक पात्र घेतं: कुणी हकीम, कुणी तिरंदाज, कुणी वेश पालटणारा अय्यार. त्या जगातली उरलेली सगळी माणसं मी होते. दरबान मी, भिश्ती मी, सावकार मी आणि वेळ आली तर जिन्नही मीच. समोर काय आहे ते मी सांगायचं, काय करायचं ते त्यांनी ठरवायचं आणि जमेल की नाही हे सांगता येत नसेल तिथे आकडा काढायचा. न पडदा, न मोबाईल. शेवटी कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एक गोष्ट पुढे सरकते एवढंच.

या प्रकाराला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. त्यातला सगळ्यात गाजलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' 1974 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून बाजारात आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला. माझ्या भाच्याने त्याचे नियम इंटरनेटवरून उतरवून घेतले आणि "खाला, गोष्ट सांगणारी तूच हो," म्हणून माझ्या मागे लागला. त्याचं कारण सरळ होतं. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते. दिवसभर बोलत राहणं हा माझा पेशाच आहे.

नियम वाचताना मला सारखं वाटत होतं, हे आपण कुठेतरी पाहिलंय. मग लक्षात आलं, ही तर दास्तान! आपल्याकडे दास्तानगो रात्र-रात्र एकटा बसून अख्खं लष्कर उभं करायचा. 'दास्तान-ए-अमीर हमजा' लखनौच्या नवल किशोर प्रेसने छापली तेव्हा तिचे 46 खंड झाले. दिल्लीचे मीर बाकर अली 1928 साली गेले आणि ती परंपरा जवळजवळ थांबली. 2005 पासून महमूद फारुकींनी ती पुन्हा रंगमंचावर आणली. या दास्तानीतल्या अमर अय्यारकडे एक झोळी असते, जंबील. तिच्यात काहीही मावतं. अमेरिकन खेळातही अशी एक पिशवी आहे. ती मुलांना दाखवली तर भाची म्हणाली, "ही तर जंबीलच आहे!" वाईट इतकंच वाटलं, की तिला पिशवी आधी कळली आणि जंबील नंतर.

पण दास्तानीने मला शिकवलेली खरी गोष्ट दुसरीच आहे. जादूगाराने रचलेल्या मायावी जगाला तिलिस्म म्हणतात. आत जाणारा बाहेर येत नाही, असा त्याचा लौकिक. तरी प्रत्येक तिलिस्माची एक लौह असते, म्हणजे पाटी. हा तिलिस्म कसा तुटेल, ते तिच्यावर लिहिलेलं असतं. ती लौह कुठेतरी दडवलेली असते, पण असतेच. मोहीम रचणाऱ्यासाठी याहून मोठा नियम मला सापडलेला नाही. कोडं अवघड असू दे, दार लोखंडी असू दे, पण ते उघडायचा मार्ग त्याच जगात असला पाहिजे.

आमच्या शहरापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर दौलताबादचा किल्ला आहे. शाळेची सहल दरवर्षी तिथेच जाते. डोंगर तासून काढलेला, भोवती खंदक आणि वर जायच्या वाटेवर ती प्रसिद्ध अंधारी. वळणावळणाचा काळोखा बोगदा. शत्रू चुकीच्या वळणाला लागला की थेट खंदकात पडायचा, असं गाइड सांगतात. मुलांना ती जागा फार आवडते. पण किल्ला बांधणाऱ्याचा हेतू एकच असतो, कुणी आत येऊ नये. मोहीम रचणाऱ्याचा हेतू बरोबर उलटा. सगळे आत यावेत, घाबरावेत, थोडे भरकटावेत आणि स्वतःच्या अकलेने पार व्हावेत. म्हणून माझ्या नकाशावरच्या कुठल्याही महत्त्वाच्या जागेला एकच वाट नसते. निदान तीन तरी असतात: एक जोराची, एक युक्तीची, एक बोलण्याची. आणि मुलांना जे कळायलाच हवं, त्याच्या खुणा तीन ठिकाणी ठेवते. एक खूण त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात. तिसरी कामाला येते.

बी.एड. केलेल्यांना पाठ टाचण आठवत असेल. हर्बार्टची पंचपदी, वेळेचं गणित आणि दोन रकाने. डावीकडे शिक्षककृती, उजवीकडे विद्यार्थीकृती. गंमत अशी, की विद्यार्थी काय म्हणणार हेही आपण आदल्या रात्रीच लिहून ठेवायचो. प्रश्न आपला, उत्तरही आपलंच. मोहिमेचं टाचण मी याच दोन रकान्यांत काढते, पण उजवा रकाना कोरा ठेवते. डावीकडे गाव, माणसं, प्रत्येकाला काय हवंय, कशाची भीती वाटते आणि कुणीच मध्ये पडलं नाही तर आठ दिवसांनी काय होईल. शेवट लिहीत नाही. शेवट लिहिला, की मुलांना तिथवर ढकलत न्यावं लागतं. मुलं हुशार असतात, त्यांना ढकललेलं कळतं.

आता घरातल्या प्रश्नांकडे येते, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या मनात ते असतील. बहिणीने पहिल्याच आठवड्यात विचारलं, "आपा, यात फासे आहेत, जादू आहे, नाना देव आहेत. मुलांनी हे खेळावं का?" प्रश्न रास्त होता. हदीसमध्ये फाशांच्या खेळाबद्दल कडक शब्द आहेत आणि आमच्या घरात ते शब्द हसण्यावारी नेले जात नाहीत. इथे पैसा लागत नाही, कुणाचं काही जात नाही, असा युक्तिवाद मी करू शकले असते. त्यापेक्षा फासेच काढून टाकले. बिस्किटांच्या डब्यात एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. चिठ्ठी काढायची, वाचायची, परत टाकायची. पुढे वाचनात आलं, की 1979 च्या सुमारास फाशांचा तुटवडा पडला तेव्हा मूळ कंपनीनेही आपल्या खोक्यात फाशांऐवजी कापायच्या आकड्यांच्या चकत्या घातल्या होत्या. आणि त्याआधीचे ते अनेक पैलूंचे फासे शाळांना गणिताची साधनं पुरवणाऱ्यांकडून मागवलेले असत. म्हणजे वस्तू मुळात आमच्या मास्तर लोकांचीच!

देवांचे पुजारी मी पात्रांच्या यादीतून वगळले. जखमा बऱ्या करायला हकीम आहे, त्याच्याकडे काढे आहेत. जादू तिलिस्म रचणाऱ्यापुरती राहिली, मुलं ती तोडतात. खेळात काही कमी पडलं नाही. उलट हकिमाला काढ्यासाठी झाडपाला शोधत फिरावं लागतं आणि त्या फिरण्यातून निम्म्या गोष्टी निघतात.

नियमांचा उलथा करतानाही मजा आली. पात्राचे सहा गुण असतात. त्यात बुद्धी वेगळी आणि शहाणपण वेगळं मोजतात. फरक काय, यावर मुलांचा अर्धा तास वाद चालला. शेवटी एक जण म्हणाला, "अक्ल असली की कुलूप उघडता येतं, हिकमत असली की उघडावं का ते कळतं." मी ते वाक्य फळ्यावर लिहून शाळेतही वापरलं.

मात्र एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकत होती. या खेळाच्या जुन्या पुस्तकांत प्रत्येक प्राण्याच्या, प्रत्येक जमातीच्या नोंदीत तिचा स्वभावही छापलेला असे. ऑर्क नावाची जमात दुष्ट. कुणी एखादा ऑर्क नव्हे, जमातच. तिची वस्ती दिसली की मारायचं, लुटायचं, पुढे जायचं. कंपनीने 2020 साली हे चित्रण बदलत असल्याचं जाहीर केलं, पण तोवर कित्येक पिढ्या तसं खेळून झाल्या होत्या. आपली दास्तानही यातून सुटत नाही. हमजाच्या समोर आलेल्या जादूगारापुढे बहुधा दोनच रस्ते असतात, कलमा पढणं किंवा मरणं. ऐकायला रंगतदार वाटतं खरं. पण माझ्या दस्तरख्वानाभोवती बसलेल्या सहाही मुलांनी 'ते लोक तसलेच' हे वाक्य स्वतःबद्दल ऐकलेलं आहे. कुणी बसमध्ये, कुणी वडील भाड्याची खोली शोधत असताना. तेच वाक्य मी त्यांच्या हातात तलवार म्हणून द्यायचं?

1992 साली मूळ कंपनीने 'अल-कादिम' नावाचं जग काढलं होतं. वाळवंट, जिन्न, उडते गालिचे. त्यातले नायक बाहेरून आलेले नव्हते, त्याच भूमीचे होते, हे मला आवडलं. कुणाचं मीठ खाल्लं की त्याच्याशी बांधलं जाणंही त्यात आहे. खाल्ल्या मिठाला जागणं आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. पण मशिदी ठेवून त्यांत कल्पनेतले देव बसवलेले. आणि आमच्या दख्खनचा तर मागमूसही नाही. तेव्हा ठरवलं, आपलं जग आपणच रचू.

आमच्या शहराखाली नहर-ए-अंबरी आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने डोंगराकडचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं. मधूनमधून हवेसाठी आणि सफाईसाठी वर उघडणारी तोंडं ठेवली. तळघर, भुयार, काळोख, सगळं तयार मिळालं. मी दोन काल्पनिक गावं घेतली. खालच्या गावाचं नहरीचं पाणी अचानक बंद झालंय. गाव म्हणतं, डोंगरवाल्यांनी जादूने अडवलं. खरी गोष्ट अशी, की नहर मध्येच ढासळलीय. सफाईचा खर्च कुणी द्यायचा यावरून दोन्ही गावांचं बिनसलं आणि कित्येक वर्षं आत कुणी उतरलंच नाही. वडाची मुळं आत शिरली. वरच्या बाजूला पाणी तुंबलं आणि डोंगरवाल्यांची शेतं बुडाली. त्यांना वाटतंय, खालच्यांनी मुद्दाम बोळा घातला. तीन खुणा ठेवल्या: चावडीतली सफाईची वही, नहरीच्या तिसऱ्या तोंडाशी भिंतीवर उमटलेली ओल आणि दोन्हीकडे मेंढ्या चारणारा एक म्हातारा धनगर.

त्या धनगराला फक्त मराठी येते, हे मी मुद्दाम ठरवलं होतं. मुलं आपापसांत उर्दूत बोलोत, त्याच्याशी मराठीतच बोलावं लागेल. आमच्या गटात नववीतली एक मुलगी आहे. वर्गात मराठीच्या तासाला ती तोंड उघडत नाही. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंग आलं की आमची मुलं अडखळतात, वर्ग हसतो आणि मग ती बोलणंच सोडून देतात.

मुलग्यांचा बेत ठरत आला होता. रात्री वर चढायचं, पहारा कापायचा. "ते तसलेच आहेत," भाचा म्हणाला. मी गप्प राहिले. डाव्या रकान्यात उपदेशाला जागा नसते. तेवढ्यात ती मुलगी धनगराकडे, म्हणजे माझ्याकडे वळली. "बाबा, आमच्या गावात पाणी नाही येतो."

"पाणी येत नाही? कधीपासून गं?" धनगराने विचारलं. तो चूक काढत नाही, नीट बोलून दाखवतो आणि पुढे जातो.

"आठ दिवस. पाणी येत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "वरच्या गावातली लेकरं कुठलं पाणी पितात?"

हा प्रश्न माझ्या टाचणात कुठेच नव्हता. धनगराने खरं ते सांगितलं. "पाणी? पाण्यानंच तर मेलीत ती. शेतं बुडाली सगळी. खालच्यांनी केलं म्हणतात."

दस्तरख्वानावर शांतता. मग भाचाच हळूच बोलला, "म्हणजे तेही आपल्याबद्दल हेच म्हणतात."

पुढचे दोन रविवार त्यांनी नहरीत उतरून मुळं तोडण्यात घालवले. वरच्या गावाला तोंडाशी मशाली धरायला लावल्या, खालच्या गावाकडून फावडी आणवली. हकिमाची चिठ्ठी तीनची निघाली आणि त्याच्या पायावर दगड पडला, म्हणून डोंगरवाल्यांच्या घरी मुक्काम करावा लागला, त्यांचं मीठ खावं लागलं. तलवार एकदाही निघाली नाही आणि कुणाला कंटाळाही आला नाही. सफाईचा खर्च कुणी द्यायचा, हा वाद मात्र मिटलेला नाही. तो पुढच्या मोहिमेत येईल.

कुणी म्हणेल, खेळात मिटलं म्हणून बाहेर थोडंच मिटतं? नाही मिटत. बसमधलं ते वाक्य मुलांना पुन्हा ऐकू येईलच. पण ज्याच्याबद्दल बोललं जातंय त्यालाच जाऊन विचारता येतं, एवढी सवय जडली तरी मला पुरे आहे. आणि ती मुलगी वर्गात आता हात वर करते. नपुंसकलिंग अजून चुकतं, चुकू दे.

तुम्हाला करून पाहायचं असेल तर महागडी पुस्तकं लागत नाहीत. चार मुलं, एक वही, बिस्किटांचा डबा. तुमच्या गावात बंद पडलेली बारव असेल, पडका बुरूज असेल, ज्याच्याबद्दल दोन मोहल्ल्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतात असा एखादा वाडा असेल. दोन्ही गोष्टी डाव्या रकान्यात लिहा, लौह कुठे ठेवायची ते ठरवा आणि उजवा रकाना कोरा सोडा.