काडेपेटीएवढा मामा

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला वस्तू आहे त्याहून लहानमोठी दिसण्याचं फारसं नवल उरत नाही. १ तारखेला पगार केवढा दिसतो आणि १० तारखेला केवढा, हे मी कॉमर्सचा पदवीधर असूनही कुठल्याच ताळेबंदात बसवू शकलेलो नाही. इन्स्पेक्शनला आलेला सव्वापाच फुटी अधिकारी छताला टेकलेला मी पाहिला आहे. पण ही झाली आपली बोलण्याची रीत. खरोखरच, उघड्या डोळ्यांनी, समोरचा माणूस काडेपेटीएवढा दिसू लागला तर?

असा एक आजार आहे. नाव ऐकून वाटावं, बालवाचनालयातून पळून आलाय : ‘ॲलिस इन वंडरलँड सिंड्रोम’. ऑक्सफर्डला गणित शिकवणाऱ्या चार्ल्स डॉजसन या गृहस्थांनी लुईस कॅरल या टोपणनावानं १८६५ साली ॲलिसची गोष्ट प्रसिद्ध केली. त्यातली ॲलिस बाटलीतलं काहीतरी पिते आणि वीतभर होते. केक खाते आणि छताला डोकं आपटते. आपलं अंग किंवा भोवतालच्या वस्तू अशाच लहानमोठ्या झाल्याचं सांगणाऱ्या रुग्णांबद्दल १९५५ साली जॉन टॉड या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञांनी लिहिलं आणि आजाराला या मुलीचं नाव दिलं. ॲलिस निदान खाऊनपिऊन तरी बदलायची. या बिचाऱ्यांना उपाशीपोटीही सूट नाही.

मला हे कळलं ते आमच्या आठ वर्षांच्या भाच्यामुळे. तापातून उठून दोन आठवडे झाले होते. एका रात्री जेवताना म्हणाला, “मामा, तू काडेपेटीएवढा झालायस. आणि लांब गेलायस.” मी तर शेजारीच आमटी ओरपत होतो!

मग उपाय सुरू झाले. आईनं मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. भाऊजींनी मोबाइल कपाटात ठेवला. ताईनं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथं पठ्ठ्यानं तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचली. वर्गात पोरं ‘येडा’ म्हणू लागली, तेव्हा त्यानं सांगणंच बंद केलं. जेवताना मध्येच ताटाची कड घट्ट धरायचा, डोळे मिटायचा आणि विचारलं की म्हणायचा, “काही नाही.” आठ वर्षांच्या पोराचं असं ‘काही नाही’ ऐकलं की घास उतरत नाही.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे उलगडा झाला. डोळा चित्र धाडतो. पण वस्तू केवढी आणि किती लांब, हा हिशेब मेंदूत होतो. आमच्या भाषेत, व्हाउचर बरोबर, पोस्टिंग चूक. मुलांमध्ये हे बरेचदा विषाणूच्या तापानंतर होतं, त्यातही एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूच्या. मोठ्यांमध्ये बहुधा अर्धशिशीपायी. कधी मूळ फेफऱ्यात असतं, म्हणून तपासणी हवीच. झटका बहुधा काही मिनिटांचा असतो आणि मुलांमध्ये दुखणं पुष्कळदा आपलं आपणच जातं. मुख्य म्हणजे, मामा लहान झालेला नाही, नुसता दिसतोय, हे रुग्णाला पक्कं ठाऊक असतं. शहाणपण शाबूत असतं. आणि म्हणूनच तो गप्प बसतो. आपलं बोलणं वेड्यासारखं वाटणार, हे त्यालाच सगळ्यात आधी कळतं.

भाच्यानं डॉक्टरांना विचारलं, “म्हणजे याला नाव आहे?”

“आहे की.”

“म्हणजे आणखी कुणालातरी होतं?”

“होतं.”

दवाखान्याच्या खाली आल्यावर त्यानं दोन वडे मागून घेतले. झटके पुढे तीनेक महिने येत राहिले, पण आता जाहीर येत. “मामा, आत्ता तू पेन्सिलीएवढा आहेस.” मी विचारी, “आवाज येतोय ना?” “येतोय.” की जेवण पुढे चालू.

आमच्याकडे ज्या रकमेचं खातं सापडत नाही, ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात. रक्कम १५ रुपयांची असली तरी कारकुनाची झोप उडवते. योग्य खातं सापडलं म्हणून रकमेत एक पैचाही फरक पडत नाही. पण माणूस दिवा मालवून घरी जातो. टॉडसाहेबांनी एक खातं तेवढं उघडून दिलं. सत्तर वर्षं झाली, पोरं त्यात आपापली नोंद करून निवांत झोपताहेत.