मेंबर किती, जागे किती?

शनिवारी दुपारी साडेतीनच्या सुमारास एखादा मित्र समोरची बिर्याणी थंड होऊ देऊन मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला आणि 'दोन मिनिटं यार, डेडलाइन आहे' असं पुटपुटला, तर त्याला लगेच ऑफिसचा गुलाम समजू नका. ही डेडलाइन बॉसची नसते. ती असते इंग्लिश फुटबॉलची!

ज्यांना हा फंडा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फँटसी प्रीमियर लीग, म्हणजेच एफपीएल. २००२ साली सुरू झालेला, पूर्ण फुकट खेळ. हातात १० कोटी पौंड (अर्थातच खोटे!) आणि त्यात १५ खेळाडू घ्यायचे. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त नाहीत. खऱ्या मैदानात खेळाडूनं गोल मारला की गुण तुमच्या खात्यात. कॅप्टनचे दुप्पट. सीझनचे ३८ आठवडे. दर आठवड्याला एक ट्रान्सफर फुकट, त्यापुढच्या प्रत्येकाचे चार गुण कापले जातात. पहिल्या मॅचच्या दीड तास आधी टीमला कुलूप. पहिल्या सीझनला जेमतेम ७६ हजार लोक खेळले होते. अलीकडे जगभरातून एक कोटीहून जास्त टीम उतरतात.

त्या कोटीत चौदा आमच्या.

आमची लीग २०१६ ची. सगळे यवतमाळ जिल्ह्यातले, यवतमाळला एकाच ज्युनिअर कॉलेजात होतो. बारावीनंतर पांगापांग झाली. कुणी हिंजवडीत, कुणी हैदराबादला, कुणी नागपूरला, तर चौघं जिल्ह्यातच. लीगमध्ये कुणाला नावानं हाक मारायची पद्धत नाही. वणीवाला, पुसदवाला, राळेगाववाला. मी दारव्हावाली. टीमची नावंही तशीच: 'तर्री युनायटेड', 'पांढरं सोनं एफसी' आणि कायम तळाला असणारी 'शकुंतला एक्सप्रेस'. यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजनं ज्यांनी प्रवास केलाय, त्यांना या टीमचा वेग वेगळा सांगायला नको.

२०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळीचा फराळ संपता संपता, ग्रुपवर एक वाद पेटला. सगळ्यात जिवंत लीग कोणती? मी म्हटलं, आपली. पुसदवाला म्हणाला, हॅट्रिक. हैदराबादचा म्हणाला, आयपीएलच्या पैशांच्या लीगसारखी धमाल कुठेच नव्हती. मास कॉम केल्यानं मला एक खोड लागलीय. वाद झाला की आकडे मागायचे. मी वही काढली आणि एकच नियम ठरवला. मेंबर किती, हे विचारायचं नाही. चार आठवड्यांत टीमला हात किती जणांनी लावला, एवढंच मोजायचं. ऑफिसमध्ये कसं, मस्टरवर सह्या सगळ्यांच्या असतात, पण जागेवर माणूस आहे का ते वेगळं बघावं लागतं. तसंच!

कोटींची पंगत

आधी पैशांची लीग. मुंबईच्या हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी २००८ साली ड्रीम-११ सुरू केली. २०२० मध्ये ती थेट आयपीएलची टायटल स्पॉन्सर झाली. आपले २० कोटींहून जास्त यूजर आहेत, असा कंपनीचा दावा होता. आमच्यातले नऊ जण तिथे होते. संध्याकाळी टॉस झाला, अकरा खेळाडू कळले, की पुढची पंचवीस मिनिटं नुसता धुरळा! हजेरी मोजायची तर त्या वेळी नऊपैकी आठ जण रोज जागे.

मग २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेत ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे सामने बंद झाले. महिनाभरानं आमच्या नऊपैकी किती जण नुसत्या मजेसाठी टीम लावत होते? शून्य.

यात दोष शोधण्यात अर्थ नाही, त्या खेळाची रचनाच तशी होती. प्रत्येक मॅच म्हणजे नवी लीग. आज लाखो लोकांबरोबर बसलात, उद्या पाटी कोरी. लग्नातल्या पंगतीसारखं. कोण बसलं, कोण उठलं, कुणी न जेवता गेलं, वाढप्याला पत्ता नसतो.

खरं तर हा खेळ मुळात ओळखीच्या माणसांचा. १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या 'ला रोटिसरी फ्रान्सेज' या रेस्तराँत डॅनियल ओक्रंट नावाच्या लेखक-संपादकानं आपल्या मित्रांना बेसबॉलच्या कागदी टीम करायला लावल्या. आजच्या फँटसी खेळांची वंशावळ तिथपर्यंत जाते. आणि आपण तर त्याआधीच पास झालेले! बुक क्रिकेट आठवतं? इतिहासाचं पुस्तक उघडायचं, पानाचा शेवटचा आकडा म्हणजे रन, शून्य आला की आउट. लोडशेडिंगमध्ये आम्ही मेणबत्ती लावून वर्ल्ड कप खेळलोय. त्या लीगमध्ये 'इनॲक्टिव्ह मेंबर' असूच शकत नव्हता, कारण समोरचा भिडू हाताच्या अंतरावर बसलेला असायचा.

आठ टीमचं गाव

आता पुसदवाल्याचं हॅट्रिक. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये सुरू झालेला फुटबॉल मॅनेजरचा खेळ. इथे खेळाडू खरे नाहीत, सगळेच काल्पनिक. तुम्ही क्लब चालवायचा, पोरं तयार करायची, स्टेडियम वाढवायचं. सगळं इतकं सावकाश की एक चांगला खेळाडू घडवायला खरीखुरी वर्षं जातात. २००९ च्या सुमारास जगभरात जवळपास १० लाख लोक हे करत होते. मग स्मार्टफोन आले, माणसांचा धीर संपला आणि आकडा उतरत गेला.

हॅट्रिकमध्ये आठ-आठ टीमचे गट असतात. पुसदवाल्याच्या गटात त्याचे सात प्रतिस्पर्धी. त्यातले तीन 'बॉट'. मालक बरेच आठवडे फिरकला नाही की त्याची टीम जाते आणि ती कॉम्प्युटर चालवतो. बॉटविरुद्ध पुसदवाला नऊ-शून्यनं जिंकतो आणि जिंकल्यावर वैतागतो. 'भिंतीले गोल मारून काय करू बे?' हा त्याचा सवाल. पण उरलेले चौघं पक्के! वर्षानुवर्षं दर आठवड्याला न चुकता हजर, रिटायर्ड मास्तर सकाळी फिरायला निघतात तसे. सातात चार. आकड्यात मागे, पण या खेळात एक प्रामाणिकपणा आहे. माणूस गेला, तर तो गेला असं पाटीवर स्पष्ट लिहिलेलं असतं.

मालक नाही, तरी टीम सहावी

आमच्या एफपीएलमध्ये नेमकं हेच कळत नाही. इथे सोडून दिलेली टीमही खेळत राहते. खेळाडू बसला तर बाकावरचा आपोआप आत येतो, कॅप्टन उतरला नाही तर व्हाइस-कॅप्टनला दुप्पट गुण मिळतात. मागे एका सीझनला आमच्यातल्या एकाचं लग्न झालं. डिसेंबरनंतर त्यानं टीमचं तोंडही पाहिलं नाही. मे महिन्यात तो सहावा आला. माझ्या पुढे!

म्हणजे गुणतक्ता पाहून कोण जागा, कोण झोपला हे सांगता येत नाही. मग काय बघायचं? प्रत्येक टीमच्या हिस्ट्रीत कोणत्या आठवड्यात किती ट्रान्सफर केले ते दिसतं. पण त्यातही गोम आहे. शून्य म्हणजे गैरहजर असंच नाही. २०२४-२५ च्या सीझनपासून न वापरलेले ट्रान्सफर पाचपर्यंत साठवता येतात, त्यामुळे हुशार माणूस मुद्दाम गप्प बसतो. म्हणून मी दुसरी खूण शोधली: कॅप्टन. कॅप्टन दुखापतीनं महिनाभर बाहेर आहे, आणि तरी त्याच्याच दंडावर पट्टा आहे? मग मालकानं टीम उघडलेलीच नाही. सिंपल!

या चाळणीतून आमचे चौदा गाळले. बारा जागे. हॅट्रिक आणि ड्रीम-११ दोन्ही गारद, वाद मी जिंकले. उरलेल्या दोन शून्यांपैकी एक नागपूरवाला. त्याला मुलगी झाली होती, अडीच किलोची. मंजूर!

दुसरा शून्य राळेगाववाल्याचा होता.

दुसरी लीग

राळेगाववाला म्हणजे 'पांढरं सोनं एफसी'. दोन वेळचा चॅम्पियन. २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुण्यातली नोकरी गेली, तेव्हा तो गावी परतला आणि वडिलांबरोबर शेती बघू लागला. कापूस आणि सोयाबीन. शेतात असला तरी डेडलाइन कधी चुकवायचा नाही. ट्रॅक्टरवर बसून कॅप्टन बदलणारा माणूस. आणि आता आठव्या आठवड्यानंतर त्याच्या हिस्ट्रीत सलग शून्य. कॅप्टन जखमी, पट्टा तसाच. तक्त्यात मात्र चौथा नंबर! नुसता तक्ता पाहणाऱ्याला वाटलं असतं, गडी मजेत आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापूस पिकवणाऱ्या घरातला माणूस असा गप्प झाला, की आम्हाला त्याचा साधासरळ अर्थ लावता येत नाही. हा जिल्हा गेली वीस-पंचवीस वर्षं कोणत्या बातमीनं देशभर ओळखला जातो, ते तुम्हालाही ठाऊक आहे. त्यात २०२५ च्या सप्टेंबरमधल्या अतिवृष्टीनं मराठवाडा-विदर्भातली उभी पिकं पाण्यात गेली होती. वहीतला तो शून्य मला बघवेना. मेसेज न करता मी थेट फोन लावला.

"काऊन बे, कॅप्टन काऊन नाही बदलवला?"

"कोणता कॅप्टन?" पलीकडून आवाज आला. मग थोडा हसला. "मी सध्या दुसऱ्या लीगमध्ये खेळून राह्यलो."

ती दुसरी लीग म्हणजे 'कपास किसान'. सीसीआयला हमीभावानं कापूस विकायचा तर त्या सीझनपासून या ॲपवर नोंदणी करायची आणि माल नेण्यासाठी स्लॉट घ्यायचा, असा नियम झाला होता. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये. पण कापसात ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, बारापर्यंत कपात आणि बाराच्या वर गेला तर खरेदीच नाही. सोयाबीन पाण्यात गेलेलं, कपाशीची अर्धी बोंडं काळी पडलेली. जो काही चांगला कापूस हाती लागला, तो वेचायचा, वाळवायचा आणि दिवसातून दहा वेळा ॲप उघडून बघायचं.

म्हणजे गंमत बघा. माझ्या वहीत इनॲक्टिव्ह ठरलेला हा माणूस आमच्या चौदा जणांत सगळ्यात जास्त ऑनलाइन होता. फक्त तिथे कॅप्टन बदलायची सोय नव्हती.

बाकी काय, म्हणून विचारलं. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "रातच्याले झोप नाही येत. बाबा पण बोलत नाहीत कोणाशी. बरं झालं तू फोन केला."

हे मी ग्रुपवर टाकलं नाही. एकेकाला फोन करून सांगितलं. यवतमाळवाला त्या रविवारी कळंबमार्गे बाइकवर राळेगावला गेला आणि दोन दिवस राहिला. गच्चीवर ताडपत्री टाकून दोघांनी कापूस वाळवला. संध्याकाळी यवतमाळवाल्यानं बाबांपुढे इतिहासाचं पुस्तक धरलं. म्हणे, पहिल्याच पानाला बाबा शून्यावर आउट झाले आणि 'हे पान चिकटलं होतं' म्हणून भांडायला लागले. पिकाचं नुकसान झालं ते झालंच, ते काही यानं भरून निघालं नाही. पण पुढच्या डेडलाइनला वीस मिनिटं बाकी असताना 'पांढरं सोनं एफसी'चा कॅप्टन बदलला. ग्रुपवर तेरा जणांनी त्यावर शिट्ट्या मारल्या. एवढी हजेरी आमच्याकडे फायनललाही नसते!

नवा नियम

वाद जिंकूनही मी ते आकडे कुणाला दाखवले नाहीत. चौदात बारा म्हणजे छान वाटतं ऐकायला, पण आमच्या लीगचा खरा कस लागला तो उरलेल्या दोघांपाशी. कोटींच्या पंगतीत त्यांची जागा लगेच दुसऱ्यानं घेतली असती. हॅट्रिकनं थोडं थांबून त्यांना बॉट करून टाकलं असतं. आमच्याकडे मेंबर चौदाच, त्यामुळे एक गप्प झाला की ऐकू येतं.

आता लीगला एक लेखी नियम आहे. कॅप्टन जखमी, दोन आठवडे पट्टा तसाच, तर त्याच्या लगेच वर असलेल्या मेंबरनं फोन करायचा. मेसेज चालणार नाही, इमोजी तर अजिबात नाही. तुमच्याही फोनमध्ये अशी एखादी लीग पडलेली असेलच, ऑफिसची, कॉलेजची, जुन्या कंपनीतली. नंबर कितवा ते राहू द्या, जरा खाली जाऊन हिस्ट्री उघडा. शून्य दिसला, तर तो कुणाचा आहे ते बघा.

२०२६ च्या फेब्रुवारीत मलाच फोन आला. राळेगाववाल्याचा. "काय झालं वं? दोन हप्ते झाले, कॅप्टन पाय मोडून घरी बसला आहे तुया." मी ते मुद्दामच तसं ठेवलं होतं. व्हाइस-कॅप्टन दुप्पट गुण आणत होता आणि ट्रान्सफर साठत होते. पण हे त्याला लगेच सांगितलं नाही. आधी पाऊण तास गप्पा मारून घेतल्या.