बापूचा पैरा



महिना झाला, पानावर काही लिहिलं नाही. बऱ्याच जणांचे मेसेज आले, दादा छाटणी झाली का, पेस्टचा डोस किती घेतला, फूट कशी आहे. कुणालाच उत्तर दिलं नाही, राग मानू नका. बाग बरी आहे. आज छाटणीचा ३१ वा दिवस. विरळणी उरकली, फुलोरा आठेक दिवसांवर आलाय. आज मात्र बागेचं नाही, बापूचं लिहितोय. लिहू का नको असं आठ दिवस चाललं होतं.

आमच्याकडे तासगाव भागात पैरा अजून टिकून आहे. छाटणीच्या टोळ्या मिळतात, एकरावर उक्तं ठरवून घेतात, पण आम्ही पाच घरं बावीस वर्षं एकमेकांची बाग छाटतो. मी, बापू, तात्या, अण्णा आणि माझा चुलत भाऊ. नऊ बाय पाचची लागण, एकरी ९६८ झाडं. पाच कात्र्या दोन दिवस चालल्या की एकर होतो. कुणाचे किती दिवस कुणाकडे राहिले ते माझ्या वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं असतं. त्यावरून बावीस वर्षांत भांडण नाही.

बापू माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, अठ्ठेचाळीसचा. ना दारू, ना तंबाखू. कामाला सगळ्यांत चलाख. शंभर झाडं झाली की शेवटच्या ओळीतनं आरोळी मारायचा, "झाली रं शंभर!" मग तात्या त्याला शिवी द्यायचा.

८ ऑक्टोबरला माझ्या थॉमसनच्या एकराला कात्री लावली. पहिल्या दिवशी निम्मी बाग झाली. ९ तारखेला सकाळी सात वाजता चहा घेताना बापू म्हणाला, "दादा, छातीत जरा जळजळतंय." मी म्हणालो, "काल वहिनीनं काय घातलं होतं खायला?" सगळे हसले. तोही हसला आणि कात्री घेऊन ओळीत शिरला.

साडेनऊला न्याहारीला बसलो. बापूनं भाकरी सोडलीच नाही. शर्ट घामानं भिजलेला. डावा खांदा चोळत होता. मी म्हणालो, "पित्त असंल. सोडा पी आणि सावलीला बस." मी आणि तात्यानं राहिलेली ओळ धरली. बापू दहा-पंधरा मिनिटं बसला आणि परत उठून आला. त्यानंतर त्यानं चार झाडं छाटली.

मंडळी, इथं जरा थांबून वाचा, कारण माझी चूक इथं आहे. घाम आला होता, पण ऑक्टोबरच्या उन्हात घाम सगळ्यांनाच होता. खांदा दुखत होता, पण दिवसभर हात वर करून कात्री चालवली की खांदा कुणाचाही भरतो. छातीत जळजळत होतं, पण रिकाम्या पोटी चहा आणि ठेचा खाणाऱ्या माणसाला पित्त ठरलेलंच. एकेक गोष्ट वेगळी धरली की तिला आपल्याकडं उत्तर तयार असतं. तिन्ही एका माणसाला एका सकाळी झाल्या, हे माझ्या डोक्यात आलं नाही. बागेत पानावर एक तेलकट डाग दिसला तर मी पान उलटून खालची पांढरी बुरशी बघतो. बापूकडं मी नीट वळूनसुद्धा बघितलं नाही, माझं लक्ष राहिलेल्या ओळीवर होतं.

पावणेअकराला त्याला उलटी झाली आणि तो खाली बसला. चेहरा राखेसारखा. त्याला उठवून दोनशे फूट बांधापर्यंत चालवत नेला, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवला आणि तालुक्याला पळालो. चौदा किलोमीटर. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि त्यांचा चेहरा बदलला. मला विचारलं, "कधीपासून दुखतंय?"

मी म्हणालो, "झाला असेल अर्धा तास."

खरं तर सात वाजल्यापासून दुखत होतं. मी खोटं का बोललो ते मला अजून नीट सांगता येत नाही. लाज वाटली असावी. त्यांनी औषधं सुरू केली, रुग्णवाहिकेनं मिरजेला पाठवलं. मी बापूच्या पायाशी बसलो होतो. मिरज यायच्या आधीच तो गेला. शेवटचं माझ्याशी बोलला ते एवढंच, "दादा, कात्री तारंला लटकावलीया."

रात्री माती झाली.

द्राक्षवाल्यांना पुढचं सांगायला नको. पहिल्या दिवशी छाटलेल्या निम्म्या बागेला पेस्ट लावायची राहिली होती. छाटणीपासून ४८ तासांच्या आत पेस्ट लागली पाहिजे, नाहीतर डोळे मागंपुढं फुटतात आणि वर्षभर निस्तरत बसावं लागतं. १० तारखेला सकाळी कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. सहाला तात्या आला, मग अण्णा, मग भाऊ. आमच्या मंडळींनी न बोलता पेस्ट कालवली. लिटरला ४० मिली आणि ओळखायला लाल रंग. हातमोजे घालून बायका कामाला लागल्या, बाकीचे राहिलेली सव्वातीनशे झाडं छाटायला गेले. मला काही कात्री उचलवेना. मी बादल्या भरून देत राहिलो. बापूची कात्री सातव्या ओळीत तारेला तशीच होती, तिच्यावर त्याचा टॉवेल.

रस्त्यानं जाणारा एक जण म्हणाला, "काल माणूस गेला, आज ह्यांची पेस्ट चाललीया." ऐकू आलं. मी त्याला दोष देत नाही. मलाही तसंच वाटत होतं. पण घरी बसलो असतो तर काय केलं असतं? सात वाजले की चहा आठवला असता. बागेत निदान हाताला काम होतं.

खरी अडचण पुढं होती. बापूची तीस गुंठे बाग, ७२६ झाडं. त्यानं ३० सप्टेंबरला पानगळीची फवारणी घेतलेली आणि छाटणीची तारीख धरलेली १४ ऑक्टोबर. पानं गळून गेली होती. पानगळ केलेली बाग तशीच ठेवली तर शेंड्याचे डोळे आपले आपण सुटायला लागतात. सोसायटीचं कर्ज त्याच बागेवर. घरात सुतक. पोरगा एकोणीस वर्षांचा, डिप्लोमाला. त्यानं बापाबरोबर कात्री धरलीय, पण कुठली काडी ठेवायची आणि किती डोळ्यांवर कापायची हे कधी स्वतः ठरवलेलं नाही.

११ तारखेला सावडायला गेलो, तेव्हा अण्णांनी विषय काढला. सुतकात बागेत कात्री घालावी का, घरच्यांना काय वाटेल, असं चाललं होतं. बापूची आई आतनं म्हणाली, "त्यानं धरल्याली तारीख हाय. चुकवू नका पोरांनो."

१४ तारखेला आम्ही चौघं गेलो. चार ओळी धरल्या आणि सवयीनं मधली एक ओळ सोडली. आपण बापूची ओळ सोडलीय, हे अर्धा तास कुणाच्या ध्यानातच आलं नाही. मग तात्यानं पोराला हाक मारली आणि त्या ओळीत उभं केलं. काडी दाबून बघ, पेन्सिलीएवढी जाड आणि पिकलेली ठेव, डोळ्याच्या वर बोटभर जागा सोडून तिरका काप घे. तुझा बाप असंच कापायचा. पोरगं गप कापत राहिलं. त्याच्या ओळीला वेळ लागत होता, कुणी घाई केली नाही. शंभर झाडं झाल्यावर कुणीच ओरडलं नाही. बाकी काही नाही, पण ती गप्पगार बाग मला सहन झाली नाही. मी मोटार बघतो म्हणून विहिरीकडं जाऊन आलो.

तेराव्याला, २१ तारखेला, पंगत उठल्यावर पोराला घेऊन त्याच्या बागेत गेलो. आठवा दिवस, डोळे कापसायला लागले होते, सगळीकडं एकसारखे. परत आल्यावर वहिनी पडवीत एकट्या होत्या. मी तिथंच बसलो आणि सगळं सांगितलं. सात वाजता तो काय म्हणाला, मी काय चेष्टा केली, डॉक्टरांना काय सांगितलं, सगळं. वाटलं होतं, ही बाई मला उठवून लावेल.

त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, मला पाच वाजता म्हणाले हुते. मी जिऱ्याचं पाणी दिलं. आज छाटणी हाय, जावा म्हणलं."

दोघंही रडलो. तोवर मला वाटत होतं हे ओझं माझ्या एकट्याचं आहे. त्या बाईनं बारा दिवस तेच उरात ठेवलं होतं आणि आल्या-गेल्याला पाणी देत होती.

नंतर मी तालुक्याच्या त्या डॉक्टरांना जाऊन भेटलो आणि खरी वेळ सांगितली. ते म्हणाले, लवकर आणला असता तर वाचलाच असता असं मी छातीठोक सांगणार नाही, पण ह्या आजारात पहिला तास सगळ्यांत मोलाचा. त्यांच्याकडून जे समजलं ते तुमच्यासाठी लिहितो.

छातीत दाब, जळजळ किंवा आवळल्यासारखं वाटणं, ते खांद्यात, हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम, उलटी, दम. ह्यातलं काहीही अचानक आलं आणि पाच-दहा मिनिटांत गेलं नाही, तर पित्त आहे का हृदय हे बांधावर ठरवायचं नाही. ते ईसीजीवर ठरतं. पहिला ईसीजी सरळ आला तरी डॉक्टर थांबवून दुसरा काढतात, तेव्हा घरी पळायची घाई करू नये. बायकांना आणि शुगर असणाऱ्यांना छातीत दुखलंच पाहिजे असं नाही, नुसता दम किंवा अशक्तपणाही असतो. माणसाला चालवू नये, मोटारसायकलवर नेऊ नये. १०८ लावावी, नाहीतर चारचाकी बांधापर्यंत आणावी. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला देतात, पण ती सगळ्यांना चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास बंद झाला, तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं, मदत येईपर्यंत. आणि किती वाजता सुरू झालं ते खरं सांगायचं.

२६ तारखेला तात्याच्या बागेत विरळणी चालली होती. अण्णा, वय त्रेसष्ट, हातातली फूट टाकून म्हणाले, "जरा जळजळतंय रं." सगळे जागच्या जागी थांबले. कुणी चेष्टा केली नाही, सोडा आणला नाही. तात्यानं गाडी थेट मांडवाच्या कडेला लावली. अण्णा "पित्त हाय, पित्त हाय" म्हणत असताना त्यांना उचलून आत घातलं. ईसीजी सरळ, दुसराही सरळ, रक्तही तपासलं, संध्याकाळी सोडलं. पित्तच निघालं. पाच घरांचा अर्धा दिवस गेला. आभाळ होतं, तात्याची संध्याकाळची फवारणी हुकली आणि खालच्या अंगाला डाऊनीचे डाग आले. अण्णा खजील झाले होते, "माझ्यापायी खोळंबा झाला" म्हणाले. तात्या म्हणाला, "डाऊनीचं बघू नंतर. तू घरी जाऊन नीज."

आता आम्ही चहाला बसलो की एकमेकांना विचारतो, कसं वाटतंय. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं झालं, आता झालीय सवय. पाचही घरातल्या तिशीपुढच्या सगळ्यांचा बीपी आणि शुगर उपकेंद्रात तपासून घेतली. माझा बीपी वर निघाला, गोळी सुरू आहे. दुखणं अंगावर काढणारा गडी चांगला, असं लहानपणापासून ऐकत आलो. बापूचंही आम्ही त्यासाठीच कौतुक करायचो. ते आता बंद.

वहीच्या मागच्या पानावर बापूचे माझ्याकडे सव्वा दिवस आहेत. एक दिवस ८ तारखेचा आणि पाव दिवस ९ तारखेचा, त्यात ती चार झाडंही आली. तात्या म्हणतो, आपण त्याची सगळी बाग छाटली, रेघ मारून टाक. मी मारलेली नाही. त्याच्या बागेत गेलो तो माझा दिवस मी पोराच्या नावावर लिहिलाय. बापूचे सव्वा तसेच राहू देत.

कात्री पोराला नेऊन दिली. पुढच्या एप्रिलच्या खरड छाटणीला तो पैऱ्यात पाचवा असेल.

उद्या तुम्ही न्याहारीला बसाल, तेव्हा शेजारी बसलेल्याच्या तोंडाकडं एकदा बघा. तो "काही नाही, पित्त आहे" म्हणाला, तर हातातलं काम ठेवा.

डोसची आणि फुटीची उत्तरं उद्यापासून देतो.