हजेरीपटात नसलेली माणसे

शिक्षक वर्गात शिरतो तेव्हा त्याच्या हातात हजेरीपट असतो, खडू असतो, बगलेत एखादे पुस्तक असते. मुले उठून उभी राहतात, खाली बसतात, नावे पुकारली जातात. पण या नावांत नसलेली चारदोन माणसेही त्याच वेळी वर्गात येऊन बसलेली असतात. ती शिक्षकाबरोबर आलेली असतात. त्याचे वडील असतात, आई असते, एखादी शिस्तीची आत्या असते, लहानपणी अंगठे धरायला लावणारे एखादे गुरुजी असतात. मागच्या बाकावर कुणी खुसखुसले, की सर्वांत आधी तोंड उघडतात ती ही माणसे. शिक्षक बिचारा त्यांच्यामागून बोलतो.

कुणी म्हणेल, असे कसे? शिक्षकाला शिक्षण दिलेले असते की! शाळेत शिकवणाऱ्यांना ते मिळते, हे खरे. बी.एड.च्या अभ्यासक्रमात वर्ग-व्यवस्थापन नावाचे प्रकरण असते आणि त्यावर गुणही असतात. आम्हा कॉलेजातल्या मंडळींच्या नशिबी मात्र तेवढेही नाही. एम.ए. व्हावे, पात्रतेची परीक्षा द्यावी, आणि एके दिवशी सकाळी साठसत्तर तरुण मुलामुलींपुढे जाऊन उभे राहावे, एवढीच आमची तयारी! ज्ञानेश्वरीतली ओवी कशी उलगडावी हे आम्हांला ठाऊक असते. ओवी चालू असताना खिडकीबाहेर पाहून हसणाऱ्या पोराचे काय करावे, हे कुणी सांगितलेले नसते.

मग आम्ही ते शिकतो कुठे? डॅन लॉर्टी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७५ साली शाळाशिक्षकांवर एक पुस्तक लिहिले. त्यात त्याने एक गमतीचा हिशेब मांडला आहे. शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात जातात. म्हणजे शिक्षक होण्याच्या कितीतरी आधीपासून तो शिक्षकाची उमेदवारी करीतच असतो! सुताराचे पोर रंध्याकडे पाहत वाढावे, तसा तो पाहत वाढतो. फरक इतकाच, की सुताराच्या पोराला बाप लाकूड का उलटे करतो हे विचारता येते. विद्यार्थ्याला मात्र गुरुजी आज का रागावले हे विचारण्याची सोय नसते. त्याला फक्त राग दिसतो, आणि तोच तो उचलतो.

लॉर्टीने शाळेतले तास मोजले. घरातले तास कोण मोजणार? आमच्या स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी बसले, की हे तास डोळ्यांना दिसू लागतात. एका मोठ्या वाड्यात एकुलते एक वाढलेले आमचे एक सहकारी आहेत. वडील सदा आजारी. घरात मोठ्याने बोलायचे नाही, पितळी भांडे खाली ठेवायचे तेही फडक्यावर. त्यांच्या वर्गात आज वहीचे पान उलटल्याचा आवाज झाला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडते. दुसऱ्या एक बाई सहा भावंडांत थोरल्या. त्या वर्गात गेल्या की पाच मिनिटांत कुणाला ताप आहे, कुणाचा डबा राहिला, कुणाची चप्पल तुटली, हे सगळे त्यांना कळलेले असते. त्यांचा धडा मागे पडतो. पण त्यांच्या तासाला कुणी दांडी मारल्याचे ऐकिवात नाही.

माझे स्वतःचे म्हणाल, तर मी पूर्ण्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढले. दोन खोल्या, पाच भावंडे, आजी, आणि दिवसरात्र शंटिंगचा आवाज. गलबल्याची मला इतकी सवय, की परीक्षेच्या दिवसांत गाड्या थांबल्या तर माझा अभ्यास थांबे! त्यामुळे वर्गातली थोडीशी कुजबुज मला गडबड वाटतच नाही. ही माझी सहनशीलता आहे असे विद्यार्थी समजतात. तो गुण त्या क्वार्टरचा आहे.

वडील पॉइंट्समन होते. ते घरात कधी ओरडले नाहीत. ते म्हणत, “अगं, गाडी ओरडून थांबत नसते. तिला लांबूनच सांगावं लागतं.” होम सिग्नलच्या बरेच अलीकडे डिस्टंट सिग्नल असतो. तो गाडी थांबवीत नाही. पुढे काय वाढून ठेवले आहे, ते ड्रायव्हरला आधी सांगतो, म्हणजे त्याला वेग आवरायला अवधी मिळतो. आम्हा भावंडांतही भांडण पेटायच्या आधी वडील नुसता चष्मा काढून हातात धरीत. तो आमचा डिस्टंट सिग्नल! त्यापुढे जाण्याची वेळ क्वचितच येई.

आणि आई? ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापीत असे. पाठीमागे आम्ही पाच जण. तरीही कुणी कुणाच्या ताटातला गूळ उचलला, तर मान न वळवता ती त्याचे नाव घेऊन म्हणे, “ठेव तो परत.” तिला पाठीला डोळे आहेत, अशी माझ्या धाकट्या भावाची पक्की समजूत होती. पुढे मोठेपणी जेकब कूनिन या मानसशास्त्रज्ञाचे १९७०चे संशोधन वाचनात आले आणि मला हसू आवरेना. त्याने प्राथमिक शाळांतील वर्गांचे चित्रीकरण करून शिक्षकांचा अभ्यास केला होता. गडबड झाल्यावर शिक्षक कसा रागावतो, कडक की मऊ, याने वर्गाच्या शिस्तीत फारसा फरक पडत नाही, असे त्याला आढळले. फरक पडतो तो गडबड होण्याआधी शिक्षक काय करतो याने. आणि वर्गाच्या कानाकोपऱ्यात काय चालले आहे हे शिक्षकाला कळते, असे मुलांना वाटते की नाही याने. आमच्या आईला कूनिन ठाऊक नव्हता. कूनिनला आमची आई ठाऊक असती, तर त्याचे बरेच श्रम वाचले असते.

आमच्या परभणीकडे शिक्षकामागून घराबरोबर इतिहासही वर्गात येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली निघालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवणारे; वरच्या शिक्षणाची भाषा ती. आमचे आजोबा इयत्तेला ‘जमात’ म्हणत. ‘मी चार जमाती शिकलो’ असे ते अभिमानाने सांगत. घरात मराठी बोलणारा मुलगा परक्या भाषेतल्या पुस्तकापुढे बसला, की तो साहजिकच गप्प होई. हे गप्प बसणे म्हणजेच शिस्त, असे सर्वांना वाटू लागले. राज्य गेले, भाषा बदलली, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ निघाले. पण शांत वर्ग तो चांगला वर्ग, ही समजूत मात्र आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून आमच्याकडे बिनबोभाट चालत आली. वर्गात शांतता असली की आजही आम्ही समाधानाने फळ्याकडे वळतो. ती शांतता समजल्याची की भ्याल्याची, हे पाहण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही.

कर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३९ साली ती तसदी घेतली. दहा वर्षांच्या मुलांचे लहान लहान गट करून त्यांना मुखवटे बनवण्यासारखी कामे दिली. काही गटांवर हुकूम सोडणारा प्रमुख नेमला, काहींवर मुलांना विचारून चालणारा. हुकुमाखालची मुले प्रमुखासमोर निमूटपणे काम करीत. पण तो खोलीबाहेर जाताच काम थंडावे. दुसऱ्या प्रकारच्या गटात मात्र प्रमुख गेला तरी हात चालूच राहत. शिक्षकाची खरी परीक्षा तो वर्गात नसताना होते, असा याचा अर्थ!

मग लहानपणी जे घडले त्याचे आपण कायमचे कैदी आहोत काय? मला तसे वाटत नाही. घर सर्वांनाच मिळते. त्यातले काय उचलून वर्गात न्यायचे, हे निवडणारी माणसेही आपल्याकडे होऊन गेली. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. छात्रालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. पोरे अजागळ, अंथरुणे पसरलेली, खोल्या केरानं भरलेल्या. एखाद्याने दंड बसवला असता. गुरुजी मुले शाळेत गेल्यावर स्वतः खोल्या झाडीत, अंथरुणांच्या घड्या घालीत. दोनचार दिवसांतच पोरे लाजली. ही युक्ती कुठल्या शिक्षणशास्त्रातली? ती पालगडच्या आईची! पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. पण त्या आईने छात्रालय सांभाळायला त्याआधीच सुरुवात केली होती.

दुसरे नाव आमच्या घरचे. नरहर कुरुंदकर १९३२ साली कुरुंद्याला जन्मले. ते गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९९९ साली हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा तिकडे गेले. एवढा गाढा विद्वान, पण विद्यार्थिदशेत इंटरच्या परीक्षेत नापास होण्याचा अनुभव त्यांच्या पदरी होता. हैदराबादला मामा नांदापूरकर यांच्या सहवासात त्यांनी जे वाचले, ऐकले, ते परीक्षेच्या चौकटीत मावणारे नव्हते. पुढे नांदेडला ते शाळेत शिक्षक झाले, मग पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य. गुणपत्रिका म्हणजे माणूस नव्हे, हे ज्याने स्वतःच्या अंगावर झेलले आहे, त्याला मागच्या बाकावरच्या पोराकडे पाहण्याची एक निराळी नजर येत असली पाहिजे, असे मला नेहमी वाटते. नापास होण्याचाही वर्गात असा उपयोग होतो!

हे सारे मी लिहिते आहे ते एका बंद दारामुळे. आमचे आणखी एक सहकारी आहेत, अतिशय सज्जन आणि वक्तशीर. घंटा झाली की ते वर्गाचे दार आतून लावून घेत. त्यांच्या सकाळच्या तासाला जिंतूरकडच्या एका खेड्यातली मुलगी येई. तिची एसटी घंटेनंतर दहा मिनिटांनी स्टँडला लागे. त्याआधीची गाडीच नव्हती. ती बाहेर पायरीवर बसून, आतून ऐकू येईल तेवढे वहीत उतरवून घेई. कापूस वेचणीच्या दिवसांत मात्र ती येईनाशी झाली. तिच्या मैत्रिणीने निरोप आणला: घरी म्हणतात, पायरीवरच बसायचे असेल तर रोजाने कापूस वेचलेला काय वाईट?

मी सरांजवळ विषय काढला. ते रागावले नाहीत. थोडा वेळ चहाचा कप फिरवीत बसले आणि म्हणाले, “मॅडम, मी वसतिगृहात वाढलो. जेवणाच्या घंटेनंतर दार लागायचं. बाहेर राहिला त्यानं पाणी पिऊन झोपायचं. दोनदा झोपलो, तिसऱ्यांदा कधी उशीर केला नाही. त्या दारानं मला माणूस केलं. यांनाही तेच शिकवतोय मी.”

आता यावर काय बोलावे? माणसाला वाढवणाऱ्या दाराला त्याच्या तोंडावर वाईट म्हणवत नाही. मी एवढेच म्हणाले, “सर, तुमचं दार लागायचं तेव्हा तुम्ही आवारातच असायचा. पळत आलात की पोचायचा. ही एसटीच्या पुढे कशी पळणार?”

ते काही बोलले नाहीत. चारआठ दिवस गेले. मग मुलांकडून कळले, की सर हजेरी तासाच्या शेवटी घेऊ लागले आहेत. दार अजूनही ते घंटेबरोबर लावतात. तेवढे त्यांच्याने सुटायचे नाही. फक्त आतली कडी लावीत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीआधी आठवडाभर ती मुलगी परत येऊ लागली होती. दार हळूच ढकलून आत येते, भिंतीकडेने जाऊन बसते, आणि सर फळ्याकडे तोंड करून लिहीत राहतात. जणू काही ऐकलेच नाही!

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देणे आणि त्याचा मानसिक छळ करणे, दोन्ही बंद केले. फार चांगले झाले. पण कायदा शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेऊ शकतो. त्याच्या मनात बसलेले छडीवाले गुरुजी काढून घेऊ शकत नाही. त्यांच्याशी ज्याचे त्यानेच बोलावे लागते. तुम्ही आपल्या मुलांच्या शाळेत पालकसभेला जाल, तेव्हा एखाद्या बाईंचा आवाज उगाच चढलेला वाटला, तर चटकन मत बनवू नका. त्या आवाजात कुणाचा आवाज मिसळला आहे, कोण जाणे!

आणि घरी आल्यावर स्वतःच्याही आवाजाकडे थोडा कान द्यावा. तुमच्या माजघरात फराळाच्या ताटावरून आज जी चिमुरडी भांडत असतील, त्यांतले एखादे वीसपंचवीस वर्षांनी कुठल्यातरी गावच्या वर्गात खडू घेऊन उभे राहणार आहे. मागच्या बाकावर कुणी खुसखुसेल. त्या वेळी आपण त्याच्या शेजारी उभे असणारच. काय बोलणार, तेवढे मात्र आपल्याला आजच ठरवता येते.